मासोळ्यांवरचा पडदा

माझ्या लग्नात आहेर म्हणून भांडीकुंडी आली, एक समई आली आणि चार जिवंत मासोळ्या आल्या. समईकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सासरे आमगावचे धानाचे व्यापारी. त्यांचे कलकत्त्याचे एक स्नेही मांडीवर पत्र्याचा डबा सांभाळत रेल्वेने लग्नाला आले होते. डब्यात बोटभर लांबीच्या लाल-सोनेरी मासोळ्या, आणि सोबत त्यांच्यासाठी काचेची पेटी. स्वातंत्र्याला तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती. असली चैन आमच्या भागात कोणी पाहिलेली नव्हती. पेटी ओसरीवर मांडली आणि अख्खं आमगाव नवी सून व नव्या मासोळ्या एकाच खेपेत पाहायला लोटलं.

येणारी प्रत्येक बाई पेटीत मूठभर लाह्या टाकी. पुरुष काचेवर टिचक्या मारत. एका मावसदिरानं तर विचारलं, "कालवणाले तरी पुरतीन का ह्या?" सगळे हसले. मासोळ्या मात्र कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली एक पाण्यावर पालथी तरंगत होती.

"नवरीच्या आहेरातली मासोळी मेली," चुलतसासूबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल इतक्याच हळू. "पायगुण पाहा बाई आता."

सून उंबरठ्याच्या आत आली की घरातलं बरंवाईट तिच्या पावलांवर जमा होतं. पुढे म्हैस आटली तरी हीच मासोळी उकरून काढली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. उरलेल्या तिघी जगायलाच हव्या होत्या.

आणि त्या तर खाईनात. "काऊन खाऊन नाही राहिल्या वं ह्या?" सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येता-जाता काळजीनं विचारत. त्या खात नाहीत म्हणून लोक आणखी लाह्या टाकत. लाह्या फुगून तळाशी बसल्या, पाण्याची पेज झाली.

माझंही तेच चाललं होतं. ताट पुढे आलं की पाच-सहा जणी भोवती बसून माझ्या तोंडाकडे बघत. "खाय ना वं, लाजून कायले राहिली?" वाढणारीचा हात थांबत नसे आणि माझा घास उतरत नसे. नागऱ्याला माहेरी पुन्हा पुन्हा भात मागून घेणारी मी, दोन घास खाऊन हात धूत होते. पोटात आग पडलेली, आणि गावात कीर्ती काय, तर सून मोठी नाजूक!

दुपारी परत कोणीतरी काचेवर टिचकी मारली. मासोळ्या दचकून कोपऱ्यात दडल्या. माझं डोकंच फिरलं. यांना भूक आहे, अन्नही आहे. यांना फक्त आपली तोंडं नको आहेत, एवढं कोणाला कळू नये?

"आत्याबाई, मी पेटीवर पडदा टाकते जी," मी म्हणाले. "कोणी पाहू नका अन् कोणी काही घालू नका."

त्या घरात तोपर्यंत मी "हो जी"च्या पुढे गेले नव्हते. चुलतसासूबाईंनी नाक मुरडलं. आत्याबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टाक."

लाह्या काढल्या. अर्धं पाणी उपसून सकाळपासून घंगाळात भरून ठेवलेलं बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी हळूहळू ओतलं. वरून जुनं लुगडं पांघरलं. त्या दिवशी त्यांना काहीच घातलं नाही. सकाळी कणकेचे मोहरीएवढे कण सोडले आणि लुगड्याच्या भोकाला डोळा लावून बसले.

बराच वेळ काही नाही. मग एक वर आली. तिनं कण तोंडात घेतला आणि थुंकला. तिनं तो परत घेतला, गिळला आणि दुसऱ्या कणाकडे वळली. पाठोपाठ बाकीच्या दोघी आल्या.

"सुटले गं बाई!" मी मोठ्यानं म्हणाले आणि तिथेच फतकल मारून रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

आत्याबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनीही भोकातून पाहिलं. शाबासकी वगैरे काही नाही. दुपारी मात्र त्यांनी माझं ताट धानाच्या कोठीच्या खोलीत नेऊन ठेवलं, मला आत बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर उंबऱ्याशी बसल्या.

"सून कुठी गेली?" चुलतसासूबाईंचा आवाज आला.

"जेवून राहिली."

"पाहू तर खरं, काय खाते ते."

"मंग येजो," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्यावर पडदा हाय."

आत धानाच्या पोत्याला टेकून मी गरम भात आणि लाखोरीचं वरण खाल्लं. ताट पुसून खाल्लं. मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन विचारलं, "आत्याबाई, भात उरला का जी?"

दार थोडंसं उघडलं आणि भाताने भरलेला गंजच, अख्खं पातेलं, आत सरकला.