आमचे हे

पूर्वी सिनेमात हिरो आणि आता घरं सजवण्यात नावाजलेला तो माणूस आमचं नवं घर बघायला बोरी अरबला आला, तो केवळ आजोळ इथलं म्हणून. आल्याआल्या त्यानं वाकडं कॅलेंडर एका बोटानं सरळ केलं.

बायकोबद्दल विचारावं म्हणून आई म्हणाली, “मंडळीले नाही आणलं काय?”

“आमचे हे मुंबईलेच हायत, मामी.”

बायका नवऱ्याला म्हणतात, अगदी तसंच ‘हे’. माझा चहा नाकात गेला. आईनं पदर सावरून विचारलं,

“घर आवरतात का तुमचे हे?”

“कायचं आवरतात! जगाची घरं मी सजवतो, अन् आमच्या पलंगावर ओला टॉवेल!”

बाबांनी खुर्चीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलकडे आईनं पाहिलं.

“माय वं! म्हणजे सगळ्याइचे हे सारखेच!”