कांताबाईची रोटी आणि लेआउटचं पाणी

पहिली रोटी फाटली तेव्हा कांताबाईनं ती हसण्यावारी नेली. चाळीस वर्षं माठावर लांब रोट्या टाकणारी बाई एका रोटीनं घाबरत नसते. दुसरीही फाटली. तिसरी तर कोपरापर्यंत पोचायच्या आतच मधोमध उसवली आणि तिचे दोन तुकडे परातीत पडले. तेव्हा मात्र कांताबाईनं घड्याळाकडे पाहिलं.

सकाळचे आठ वाजले होते. दुपारी एकला वच्छलाबाईच्या नातीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, पंगत बसायची होती आणि त्या पंगतीत कांताबाईच्या साठ रोट्या वाढायच्या होत्या.

या रोटीला पोळपाट-लाटणं लागत नाही. सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद टाकायचा. सगळा खेळ हाताचा. इंदोऱ्याच्या जुन्या वस्तीत लोक लग्नाची तारीख काढली की आधी कांताबाईला विचारत, मग मांडववाल्याला. आता ती इंदोरा सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरच्याही पुढे, मुलाच्या नव्या घरी राहायला आली होती. एवढ्या लांब कोण येणार? सहा महिने चूल थंडच होती. इंदोऱ्याच्याच वच्छलाबाईची ही पहिलीच ऑर्डर. ही बिघडली तर कांताबाई थकली, आता तिच्याकडून होत नाही, एवढी बातमी इंदोऱ्यात पसरायला एक दुपार पुरे होती.

मुलगा, धम्मदीप, कंपनीत सुपरवायझर. त्यानं हौसेनं घर बांधलं आणि दसऱ्याला सगळे राहायला आले. लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या त्या नव्या वस्तीत, नळ होता, पण त्याला येणारं पाणी तिथल्याच बोअरचं, टाकीत चढवून सोडलेलं. दिसायला अगदी स्वच्छ. महिन्याभरात नळाच्या तोंडाला पांढरे खडे धरले. स्टीलचे पेले घासूनही डागाळलेलेच. साबणाला फेस येईना, कपडे मळकट दिसायला लागले, गिझरची कॉइल दोनदा जळाली. तुरीची डाळ आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येई.

या सगळ्या गुन्ह्यांत कांताबाईच्या कोर्टात आरोपी एकच होती. सून, मोनाली. पेले डागाळले, कारण मोनाली राख लावत नाही. कपडे मळके, कारण ती जीव लावून घासत नाही. डाळ कच्ची, कारण तिला कुकर लावता येत नाही. "हातालेच गुण नाही वं तुझ्या," हे वाक्य सकाळ-संध्याकाळ ठरलेलं. शिवाय इंदोऱ्याच्या जुन्या शेजारणीला, प्रयागबाईला, फोन लावून तेच पुन्हा सांगायचं, आणि तेही असं खणखणीत, की आत ओट्याशी उभ्या असलेल्या मोनालीला ऐकू गेलंच पाहिजे. सासूपणाची हौस इतकी स्वस्तात कधी भागली नव्हती!

आणि आता स्वतःच्याच हातात कणीक तुटत होती.

कांताबाईनं माहितीतला उपाय केला. पीठ ताणलं जात नसेल तर मीठ वाढवायचं, हे तिला सासूनं शिकवलं होतं. तिनं दुसरा घाणा भिजवला, मूठभर मीठ जास्त घातलं, परातीत आपटून आपटून मळला. मूळचंच ते पाणी मचूळ, त्यात हे मीठ. कणीक सैल व्हायचं सोडून आणखी चिवट झाली आणि ताणली की आखडून मागे येऊ लागली. रोटी वितीपलीकडे जाईना.

तिनं हात धुतले आणि मनगटं उलटसुलट करून पाहिली. एकसष्ट वर्षांचे हात. गेले की काय? एक दिवस जाणारच होते, पण आजच? तिला खरोखर रडू आलं. त्याहून जास्त भीती दाराची वाटत होती. मोनाली आतून येईल, परातीत बघेल आणि ते वाक्य म्हणेल. तिच्या जागी आपण असतो तर नक्की म्हटलं असतं, हे कांताबाईला पक्कं ठाऊक होतं.

मोनाली आली. तिनं परातीत पाहिलं, चिमूटभर कणीक बोटांत ताणली.

"आई, पाणी कोणतं घेतलं?"

"नळाचं. दुसरं कोणतं घेऊ?"

"मी इंदोऱ्यातून पाणी घेऊन येते. प्रयागमावशीच्या नळाले आता पाणी असते, पेंच धरणाचं."

"पाण्यानं काय होते वं! माझा हातच गेला, पोरी."

मोनालीनं दोन रिकाम्या कॅन गाडीला अडकवल्या, हेल्मेट घातलं. "चूल विझू देऊ नका," एवढं म्हणून ती गेली.

कांताबाई चुलीशी बसून राहिली. लाकूड सारायची, घड्याळ बघायची. साडेनऊला वच्छलाबाईचा फोन आला.

"कांताबाई, कसं काय? रोट्या होऊन राहिल्या न?"

"होऊन राहिल्या," कांताबाई म्हणाली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. रस्त्यावर गाडी वाजली की ती उठायची, दुसऱ्याच कुणाची निघाली की परत बसायची. मोनाली परत येईलच कशाला, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. सहा महिने जिला टोचून खाल्लं, तिनं आपल्यासाठी एवढं ऊन का खावं?

दहाला पाच कमी असताना मोनाली आली. दोन्ही कॅन भरलेल्या, आणि पायाशी चक्कीवरून आणलेलं गव्हाचं पीठ. घरातलं पीठ दोन घाण्यांतच संपलं होतं, तेही तिच्या ध्यानात राहिलं होतं.

पाणी पिठात पडलं, कांताबाईनं हात घातला आणि तिला लगेच कळलं. कणीक बोटांना ओळख देत होती. मुरायला तासभर हवा होता, मिळाला अर्धाच. पावणेअकराला तिनं पहिला गोळा उचलला. गोळा या हातावरून त्या हातावर गेला, लांबला, मनगट ओलांडून कोपरापर्यंत आला. फाटला नाही. माठावर टाकण्याआधी चुलीचा जाळ त्याच्यातून लालसर दिसला.

मग एक ताणत होती, दुसरी उतरवून घडी घालत होती. बाराला वच्छलाबाईकडची गाडी आली तेव्हा अजून सहा रोट्या बाकी होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि कांताबाई त्याला शिव्या घालत हात चालवत होती. सव्वाबाराला साठ रोट्यांची टोपली रवाना झाली.

दोघी चुलीजवळच फतकल मारून बसल्या.

"तुले कधी समजलं वं, पाण्याचं?" कांताबाईनं विचारलं.

"दिवाळीत. पारशिवनीले आईकडं डाळ लावली, तीन शिट्ट्यांत शिजली. मी कुकरपाशीच रडली."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं, आई. दोनदा."

कांताबाईनं आठवून पाहिलं. एकदा ती म्हणाली होती, माहेरचं पाणीही गोड लागते का तुले? दुसऱ्यांदा तिनं टीव्हीचा आवाज वाढवला होता. दोन्ही स्पष्ट आठवलं. लाजेनं तिचं तोंड गरम झालं आणि मोनालीकडे बघवेना.

मोनाली उठून आत गेली. कॅनमधलं उरलेलं पाणी डाळीच्या कुकरमध्ये ओतल्याचा आवाज आला. पाव तासानं फोन वाजला. प्रयागबाई होती. पाणी पुरलं का, रोट्या झाल्या का, विचारत होती.

"झाल्या," कांताबाई म्हणाली. मग ती उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली आणि नेहमीसारखाच खणखणीत आवाज काढला. "प्रयाग, आयक. माझ्या सुनेच्या हातात काहीच खोट नव्हती. मीच सहा महिने खोटं बोलून राहिली. ज्या ज्या बाईले तू सांगितलं असशील न, त्या सगळ्याईले आता हे सांग."

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मोनालीनं गॅस बंद केला.