कललेली ‘फ्रँकलिन’ घरी कशी आली

वैभवी जर्मनीत, कार्ल्सरूहेत, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायची. एखादी वस्तू मोडली कशी, यापेक्षा मोडूनही चालली कशी, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. म्हणूनच जहाजांची मॉडेल करणाऱ्या तिथल्या फेराइनची, म्हणजे मंडळाची, ती सभासद झाली आणि ‘फ्रँकलिन’ या नौकेचं मॉडेल करायला घेतलं.

उन्हाळ्यात सासूबाई, प्रभाताई, नाशिकहून राहायला आल्या. जेवणाच्या टेबलावर पसरलेली ती नौका बघून त्यांनी विचारलं, “हिचं एवढं काय गं?”

“विमानवाहू नौका आहे, आई. अमेरिकेची. युद्धाच्या शेवटी जपानजवळ हिच्यावर दोन बॉम्ब पडले. वर विमानं पेट्रोल भरून उभी होती, तीही पेटली. शेकडो माणसं गेली. इंजिनं बंद, नौका एका अंगावर कललेली. तरी पुढे इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ती स्वतःच्या बळावर न्यूयॉर्कला पोहोचली.”

“कलली कशानं? खाली भोक पडलं?”

“नाही हो. आग विझवायला मारलेलं पाणी वरच्या मजल्यांवर साठलं.”

“अगं बाई! मग सरळ कशी केली?”

“दुसऱ्या बाजूच्या टाक्या भरून,” वैभवी झटकन म्हणाली. पण बोलता बोलताच तिला वाटलं, हे आपण नुसतं वाचलंय. करून कुठे पाहिलंय?

शनिवारी दोघी तळ्यावर गेल्या. राइन नदीवर मालवाहू बोटी चालवून निवृत्त झालेले, मंडळातले डीटर तिथे होतेच. वैभवीने मॉडेलच्या वरच्या मजल्यात पाणी ओतलं. नौका हळूच उजवीकडे कलली. तिने डाव्या टाक्या भरायला घेतल्या. नौका सरळ होऊ लागली, क्षणभर थबकली, आणि एकदम डावीकडे आडवी झाली.

“गेली!” प्रभाताई ओरडल्या.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” डीटर खूश होऊन म्हणाले. “खरी नौकाही अशीच दुसऱ्या अंगावर कलली होती.”

वैभवी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून बघत राहिली. वरचं पाणी मोकळं होतं. नौका जिकडे झुकेल तिकडे तेही धावत होतं. म्हणजे प्रश्न डाव्या-उजव्याचा नव्हताच, खाली-वरचा होता. तिने वरच्या मजल्याची भोकं उघडून पाणी काढून टाकलं आणि अगदी तळातल्या टाक्या दोन्हीकडे सारख्या भरल्या. नौका डुलली, सावरली. वैभवीने मोटर चालू केली, तशी ती संथपणे काठाला आली.

डीटरनी टाळ्या वाजवल्या. प्रभाताई मात्र वाकून नौकेच्या आत डोकावत होत्या.

“काय बघताय, आई?”

“आत माणसं होती ना? धुरात, अंधारात. ती बाहेर कशी आली?”

“खालच्या एका खोलीत तीनशेजण अडकले होते म्हणे. एका अधिकाऱ्याने वाट शोधून त्यांना बाहेर काढलं.”

“कुठून?”

“ते शोधायला हवं,” वैभवी म्हणाली.

प्रभाताई सप्टेंबरात परत गेल्या. वैभवीने नौकेची एक बाजू कापून उघडी केली आणि आतले जिने, दारं, हवेचे बोगदे एकेक करून बसवू लागली. व्हिडिओ कॉलवर प्रभाताईंचा पहिला प्रश्न अजून तोच असतो, “सापडली का गं वाट?”

“अर्धी सापडली,” वैभवी म्हणते, आणि फोन नौकेच्या पोटात धरून त्यांना दाखवते.