सिरपवरून धान्यावर

खैतानच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझा नवरा दोन वर्षं बिअर करत होता. माल्टचं घट्ट, काळपट सिरप गरम पाण्यात ढवळायचं, निवलं की यीस्ट टाकायचं आणि पिंप हॉलमधल्या कपाटात कोंबून वाट पाहायची. एवढीच त्याची कला. या आखाती देशात दारूला बंदी; असलं काही सापडलं तर आधी तुरुंग आणि मग परतीचं विमान, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. म्हणजे माझीही नोकरी त्या कपाटात बुडबुडत होती, पण मला कोणी विचारलं नव्हतं. मी कुरकुर करत राहिले आणि चालवून घेतलं, हेही खरं.

त्याचा एक मित्र आहे, मूळचा नाशिकचा. दोघंही मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनिअर. गावाकडे चार वायनऱ्या फिरून आल्यामुळे आपली जीभ फार तयार आहे असा या मित्राचा समज. एकदा पेला खाली ठेवून तो म्हणाला की सिरपची बिअर म्हणजे पाकिटातलं सूप, खरी बिअर धान्यापासून होते. नवऱ्याला ते इतकं लागलं की पुढचा महिनाभर तो व्हिडिओच बघत बसला.

मग सामान यायला लागलं. त्याला तो 'बेसिक सेटअप' म्हणायचा. केटरिंगवाल्यांच्या दुकानातून चाळीस लिटरचं पातेलं आलं. दुकानदाराने घरात लग्न आहे का विचारलं, तर हा हो म्हणून आला. धान्य तासभर एकाच तापमानाच्या पाण्यात ठेवावं लागतं, म्हणून आमच्या सहलीच्या आइसबॉक्सला खाली भोक पाडून तोटी बसवली. आत गाळणी म्हणून बेसिनच्या नळीवरची विणलेली स्टीलची जाळी सोलून लावली. लांब दांडीचा थर्मामीटर आला. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं आलं. ते उकळत्या पातेल्यात सोडायचं, त्यातून नळाचं पाणी फिरवायचं, की सगळं झटक्यात थंड.

जून चालू होता. जूनमध्ये आमच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. संध्याकाळच्या आंघोळीची बादली आम्ही सकाळीच भरून ठेवतो. मी विचारलं, "या पाण्याने थंड काय होणार?"

"ते थर्मोडायनॅमिक्स आहे," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं."

शेवटी जवाचं पोतं आलं, बकऱ्यांच्या खाद्याच्या दुकानातून. मी मूठभर हातात घेऊन पाहिले. साधे, कच्चे जव. मुलगी लहान असताना मी तिच्यासाठी नाचणीचं सत्त्व करायचे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. मोडांनी धान्य गोड होतं, आणि माल्ट म्हणजे तरी दुसरं काय? मी एकदाच विचारलं, की याला मोड आणायचे नाहीत का. मित्र हसला. "वहिनी, ही मटकीची उसळ नाहीये." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. मुद्दामच.

शुक्रवारी सकाळी दोघं कामाला लागले. जव भरडायला माझा मिक्सर घेतला आणि तिसऱ्या खेपेला त्याची मोटर जाळली. उरलेले जव मित्राने पिशवीत घालून माझ्या लाटण्याने कुटले. गरम पाण्यासकट सगळं आइसबॉक्समध्ये गेलं. तासाभराने तोटी उघडली, तर थेंब येईना. जाळीत चिकट लगदा अडकला होता. माझा नवरा, रिफायनरीतला सीनिअर इंजिनिअर, गुडघ्यांवर बसून तोटीत तोंडाने फुंकर मारत होता. अखेर डावाने उपसून सगळं पातेल्यात ओतलं. नवऱ्याने चव घेतली.

"गोड नाही लागत," तो म्हणाला.

"पेज झालीय," मी दारातून म्हणाले.

बाथरूममध्ये ओतू नका असं मी सांगत असतानाच त्यांनी दोन बादल्या ओतल्या. पाइप तुंबला, खालच्या घरात पाणी ठिबकलं आणि थोड्या वेळाने बेल वाजली. बाहेर आमच्या इमारतीचा हारिस उभा होता. हारिस म्हणजे रखवालदार. हा वयस्कर इजिप्शियन, जुम्म्याच्या नमाजाहून नुकताच परतलेला. नवरा आणि मित्र बेडरूममध्ये शिरले. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

पातेलं हॉलच्या मधोमध होतं. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले, कारण आत सिरपच्या बिअरचं भरलेलं पिंप होतं. माझं अरबी भाजी घेण्यापुरतं. मी म्हणाले, शईर, म्हणजे जव. शोरबा केलाय.

त्याने झाकण उचलून वास घेतला. "एवढा? कोणासाठी?"

"नवऱ्यासाठी. पोट बिघडलंय."

"सगळा त्याच्यासाठी?"

"फार बिघडलंय," मी म्हणाले.

त्याने झाकण परत ठेवलं. मग म्हणाला की त्याची आईही पोटासाठी जवच द्यायची, पण दूध घालून. बाह्या वर करून तो बाथरूममध्ये बसला आणि कोपरापर्यंत हात घालून त्याने तो लगदा उपसला. मी बादली धरून उभी होते. अर्धा तास बेडरूममधून खोकलाही ऐकू आला नाही.

तो गेल्यावर कडी निघाली. मित्र म्हणाला, "वहिनी, मस्त हँडल केलंत." नवऱ्याने आधी थर्मामीटर जागेवर आहे ना ते पाहिलं. त्याचा राग आला असता तर संध्याकाळपर्यंत उतरला असता. मला त्याची किळस आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मी कपाट उघडून पिंप बेसिनमध्ये रिकामं केलं.

"ती तयार झाली होती," तो म्हणाला.

"हे सामान उद्या गेलं नाही, तर मी मुलीला घेऊन पुण्याला जाते."

दुसऱ्या दिवशी सगळं त्या मित्राच्या अब्बासियातल्या खोलीवर गेलं. इथलं धान्यच हलक्या प्रतीचं असतं, असं नवरा आता चारचौघांत सांगतो. मी ऐकून घेते आणि भज्यांची ताटली पुढे करते. दर शुक्रवारी तो तिकडे जातो; तिथे काय शिजतं ते मी विचारत नाही. तो निघाला की मी आणि मुलगी समुद्रावर जातो, आणि आम्हा दोघींचा दिवस बरा जातो.