स्वच्छ उच्चार

परवा वाघोलीत भाचीच्या हळदीला डीजेने ते जुनं रोमानियन गाणं लावलं आणि माझ्या तोंडात एकदम थर्माकोलच्या कपातल्या गार कॉफीची चव आली.

कॉल सेंटरच्या ट्रेनिंगची ती शेवटची संध्याकाळ होती. मी यवतमाळहून आलेली. आम्हाला इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या मॅडम सदाशिव पेठेतल्या. "अहो, ते यवतमाळ आधी तोंडातून काढा," असं त्या मला रोज सगळ्यांसमोर म्हणायच्या. त्या दिवशी पार्टीत हे गाणं लागलं. तेव्हा ते जगभर गाजत होतं. रिक्षात तेच, रिंगटोनही तीच. मॅडम डोळे मिटून शब्द न् शब्द गात होत्या.

"मॅडम, अर्थ काय हो याचा?" मी विचारलं.

"अर्थ कशाला हवा? उच्चार ऐका, किती स्वच्छ आहेत!"

दुसऱ्या दिवशी मला फोनवरून काढून ईमेलवर बसवलं. माझं बोलणं म्हणे गिऱ्हाइकांना कळणार नाही. ते गाणं म्हणणारी पोरं आपल्या घरच्या भाषेत गायली आणि अख्खं जग त्यांच्यामागे तोंड वेडंवाकडं करत नाचलं. मी मात्र पुढची कितीतरी वर्षं मुकाट टाईप करत राहिले.

हळदीत भाचीने माझा हात ओढला. "मावशी, तुला येतं हे गाणं?"

"येतं की. काहून नाही येणार?"

तिने घाईघाईने मागे वळून पाहिलं. "मावशी, हळू बोल ना. सासरची माणसं पुण्याची आहेत."