एक्स-रेवरचा डाग

ती तक्रार ठाण्यात आली तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकल्यासवरल्या माणसांसमोर बोलताना जीभ अडखळायची. तेव्हाच्या औरंगाबादेत, जुन्या शहरातल्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती.

तक्रार एका रुग्णालयाच्या कार्यालयाची होती. पाचोडकडची एक मुलगी तिथे परिचारिका म्हणून निवडली गेली होती. रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत तिच्या छातीच्या एक्स-रेवर उजवीकडे वर डाग दिसला. क्षयाच्या शंकेने तिला अपात्र ठरवले. तिने ते मान्य केले नाही. दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे काढून तिने अपील केले, आणि तो स्वच्छ निघाला. मग कार्यालयाला निनावी फोन आला: दुसरा एक्स-रे तिच्या बहिणीचा आहे, दोघी दिसायला सारख्याच. कार्यालयाने तोतयेगिरीची तक्रार दिली. गुन्हा नोंदला असता तर ही नोकरी गेलीच असती, पुढेही कुणी तिला दारात उभे केले नसते.

मी लिहायला बसलो. ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "थांब. आधी चौकशी कर. गुन्हा उद्याही दाखल करता येतो. दाखल केलेला पुसता येत नाही."

महिला शिपायाला शेजारी बसवून मी मुलीचा जबाब घेतला. तिचे वडील बाहेरच्या बाकावरून सारखे डोकावत होते.

"बहीण कुठे असते?"

"वाळूजला, कंपनीत. त्या दिवशी ती कामावरच व्हती. विचारा की तिथं."

"मग डाग गेला कुठे?"

"नव्हताच, तर जाईल कुठं?" म्हणाली आणि रडू लागली.

वडील दारातून बोलले, "लई हट्टी हाय साहेब, पण लबाड नाय."

"आबा, तुम्ही गप बसा!" रडता रडताच तिने त्यांना दटावले.

कंपनीत विचारले. बहीण खरोखरच कामावर होती. आता संशय पहिल्या एक्स-रेवर आला. तो काढणारे रुग्णालयातले वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. फिल्म बदलली का, असे विचारताच ते दुखावले.

"साहब, नंबर मी स्वतः लावतो. अदलाबदल होतच नाही."

दोघेही खरे वाटत होते. मला काही सुचेना. घरफोडीत घरमालकाला सांगतो तेच शेवटी सांगितले, "त्या दिवशी जसं केलं तसंच करून दाखवा."

एक्स-रेच्या खोलीत चाचा, महिला शिपाई आणि मी. मुलगी पातळ गाऊन घालून पडद्याआडून आली. समोर पुरुष दिसताच तिचा हात आपोआप मागे गेला आणि दुमडून रिबिनीने बांधलेली जाड, तेलकट वेणी तिने उजव्या खांद्यावरून छातीवर ओढली. तशीच प्लेटला टेकून उभी राहिली. चाचांनी मान फिरवली.

"चाचा, मान का फिरवली?"

"अब क्या देखूँ साहब? बच्ची शरमाती है. सांस रोको म्हणतो, बटन दाबतो."

"एकदा बघा."

त्यांनी पाहिले आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! चोटी!"

तिला अपात्र ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर दोन एक्स-रे काढले, एक वेणी पुढे ठेवून आणि एक केस वर बांधून. पहिल्यावर तोच डाग, त्याच जागी. दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी केस वर बांधायला लावले होते, एवढाच फरक. डॉक्टरांनी मोठ्या मनाने चूक मान्य केली आणि तिला पात्र ठरवले. चाचांनी आपणहून अर्ज केला, मुलींच्या तपासणीला खोलीत एक बाई असावी. तशी बाई नेमलीही गेली.

रुजू झाल्यावर बापलेक जिलेबी घेऊन ठाण्यात आले. वडील म्हणाले, "ठाण्यातनं हसत बाहेर पडणारं आमच्या घरातलं हे पहिलंच माणूस."

मी लबाड शोधायला निघालो होतो. मुलगी लाजली, चाचांनी सभ्यपणे नजर वळवली, आणि त्यातूनच एक आयुष्य मोडायची वेळ आली होती. तो निनावी फोन कुणाचा, ते कधीच कळले नाही; पण समोरचे कुणी खोटे बोलत नसतानाही गोष्ट चुकू शकते, हे मी तिथे शिकलो. मोठे साहेब आज नाहीत. नोकरीत मी पुष्कळ गुन्हे नोंदवले, काही उघडकीसही आणले. पण साहेबांची आठवण येते ती मी न नोंदवलेल्या त्या एका गुन्ह्यासाठी.