दोनशे बारा पिंपं आणि एक छाप

सरकारी कामात छोट्या उद्योगांना वाटा राखून ठेवलाय, हे ऐकून तुम्हीही कधीतरी मान डोलावली असेल. त्या वाट्याला नेमकं काय येतं, ते जाऊन पाहिलंत का कधी?

पिंपवालीच्या आवारात जाऊन पाहा. फाटकातून आडवं होऊनच आत शिरावं लागतं. डावीकडे पिंपं, उजवीकडे पिंपं, स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलेली पिंपं. एकूण दोनशे बारा. भात शिजतोय की नाही ते बघायलासुद्धा दिवा लावावा लागतो, भर दुपारी.

धंदा सासऱ्याचा. कारखान्यांतली रिकामी लोखंडी पिंपं आणायची, आत कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी आणि साखळी टाकून लोळवायची, धुऊन रंगवून पुन्हा विकायची. सासरा गेला, त्या वाफेनं नवऱ्याला दमा जडला, आणि ही बाई पदर खोचून साखळीपाशी उभी राहिली. नुसती टिचकी मारून पत्रा कुठे पातळ झालाय ते सांगायची. या धंद्यात कागद कुणी विचारत नाही. प्रत्येक पिंपावर आपल्या नावाचा छाप मारायचा. पिंप कुठेही फिरो, छाप बघून लोक मालकाकडे परत पाठवतात. छाप हीच पावती. सासऱ्यानं पत्रा कातरून केलेला तो छाप ती कपड्यांच्या कपाटात जपून ठेवायची.

मग बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातला विषारी गाळ उचलायचं टेंडर निघालं. अट अशी, की चौथा हिस्सा काम लघुउद्योगाला द्यायचं. मोठ्या कंपनीला एक छोटं नाव हवं होतं. कंपनीचा साहेब आला, मोडक्या स्टुलावर बसला आणि गोड बोलला.

"ताई, पिंपं तुमची, भरायचं तुम्ही. नेणं आणि विल्हेवाट आमच्याकडे. पोटठेकेदार म्हणून तुमचं नाव सरकारी फाइलीत जाणार!"

सरकारी फाइलीत नाव! बाई हरखून गेली. एकाही पिंपाला कामगाराचा हात लागू दिला नाही. स्वतः छाप मारले, एक पोटावर, एक झाकणावर.

सासू उंबऱ्यात बसून बघत होती. "अगं, घाणीवर कशाला आपलं नाव?"

"आई, पिंपं परत यायला नकोत का?"

आली. शेवटच्या खेपांची सगळी परत आली. भरलेली.

झालं असं, की विल्हेवाट केंद्रानं ते सहा ट्रक फाटकावरूनच मागे फिरवले. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा गाळात ॲसिड जास्त आहे, आम्ही घेणार नाही. पहिल्या ड्रायव्हरनं हिच्या दारात येऊन हॉर्न वाजवला. "ताई, साहेब म्हणालेत, दोन दिवस ठेवून घ्या." हिनं फाटक उघडलं. सहाही ड्रायव्हरांना पाणी दिलं. पावती मागितली नाही. छाप आपलाच, मग पावती कसली?

त्या दोन दिवसांचे चौदा महिने झालेत. कंपनीनं काम पूर्ण झाल्याचा दाखला घेतला आणि हात झटकले. साहेब फोन उचलत नाही. आला तो सरकारी तपासनीस.

"पिंपावर नाव कुणाचं?"

"माझं. पण गाळ माझा नाही!"

"बाई, गाळावर नाव नसतं. पिंपावर असतं."

"मग उचलून न्या."

"ज्याचं त्यानं उचलायचं."

"बरं, मी उचलते."

"परवाना आहे?"

"द्या ना!"

"बेकायदा साठा करणाऱ्याला परवाना मिळत नाही."

"म्हणजे साठा हलल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय साठा हलवायचा नाही?"

"आता कसं बरोबर समजलात," तो म्हणाला, आणि बेकायदा साठ्याचा गुन्हा नोंदवून, सगळ्या रांगांभोवती सुतळी बांधून लाखेचं सील ठोकून गेला. हात लावला तर गुन्हा.

हात नाही, पण टिचकी? रोज सकाळी ती अंग चोरून रांगांमधून फिरायची आणि ऐकायची. ॲसिड आतून पत्रा खात होतं. मागच्या महिन्यात तिसऱ्या रांगेतल्या एका पिंपाच्या बुडाशी तपकिरी घाम दिसला. तपासनीसाच्या कचेरीत अर्ज दिला. "बघतो." दुसरा दिला. "बघतो म्हटलं ना!" चौथ्या दिवशी घामाचा ओघळ झाला आणि गटाराकडे निघाला. ते गटार भिंतीपलीकडच्या पाळणाघराच्या मागून जातं.

"हात लावू नकोस," नवरा म्हणाला. "सरळ आत टाकतील तुला."

"आणि नाही लावला तर?" सासूनं विचारलं.

पलीकडे पोरं बडबडगीत म्हणत होती. हिनं विळी आणली, सुतळी कापली, पुढची पिंपं सरकवली, छपरातली कप्पी लावून गळकं पिंप उचललं आणि ॲसिड मारायला चुना घातलेल्या मोठ्या पिंपात सोडलं. नवरा खोकत खोकत साखळी ओढत होता. झाकण बसलं तसा सवयीनं हिचा हात छापाकडे वळला. वाटेतच थांबला.

चार दिवस न फिरकलेला तपासनीस त्याच दुपारी हजर! सील तोडल्याचा दुसरा गुन्हा.

"सरकारी फाइलीत नाव हवं होतं ना," सासू म्हणाली, "आता दोन फाइलींत आहे." म्हणाली आणि सुनेचे चुन्यानं पोळलेले हात तेल लावून चोळत बसली.

आता एकच फट उरलीय. ट्रक कंपनीच्या नावानं गेले आणि माघारी फिरले, हे विल्हेवाट केंद्राच्या फाटकावरच्या वहीत कुणीतरी स्वतःच्या हातानं लिहिलंय. केंद्र म्हणतं, वही सापडत नाही. ड्रायव्हर भाड्याचे, एकाचंही नाव हिला ठाऊक नाही. सुनावणी येत्या बावीस तारखेला, सकाळी अकराला, तपासनीसाच्याच कचेरीत.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्या घरात, गल्लीत ट्रक चालवणारा किंवा अशा फाटकावर बसणारा कुणी आहे का? त्याला आजच विचारा, की पिंपांनी भरलेले सहा ट्रक परत फिरवलेले आठवतात का? हो म्हणाला, तर हळहळत बसू नका. त्याला हाताला धरून सुनावणीला घेऊन या.